सर्टिफिकेट मिळत नाही? आधी घड्याळ बघा

तुमच्या जिनिंगमध्ये, राईस मिलमध्ये किंवा पतसंस्थेत आम्ही बसवलेला सर्व्हर ऑफिसातल्या संगणकांना डिजिटल सर्टिफिकेट देतो. हा संगणक आपल्याच संस्थेचा आहे, एवढीच ओळख त्यातून पटते. टेंडर भरताना लागणारी टोकनवरची डिजिटल सही वेगळी. ती परवानाधारक संस्थेकडूनच घ्यावी लागते, या सर्व्हरचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही.

संगणकाने सर्व्हरकडे केलेली सर्टिफिकेटची मागणी नाकारली गेली की सर्व्हर आणि संगणक, दोन्हींची तारीख व वेळ ताडून पाहा. आपल्याकडे लाईन सारखी जाते. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला असेल, तर लाईन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. दोन्ही घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की विंडोजचा सर्व्हर त्या संगणकाला ओळखच देत नाही. सेल बहुतेक वेळा सीआर २०३२ असतो, तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो. तो बदलून घ्या.

'आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल' असं दिसलं, तर मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलेलीच नाही. सर्व्हर चालू आहे का, वायर नीट बसली आहे का, ते बघा. त्यानंतर आठवा, इतक्यात इंटरनेटवाल्याने नवा राउटर लावला का? नव्या राउटरमुळे संगणकाचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) बाहेरचा होऊ शकतो. मग इंटरनेट झकास चालतं, पण ऑफिसातला आपला सर्व्हर काही सापडत नाही. डीएनएसच्या जागी पुन्हा आपल्या सर्व्हरचा पत्ता टाकावा लागतो. हे फोनवर सांगून पाच मिनिटांत होतं.

'परवानगी नाही' असा संदेश आला, तर सर्व्हरवर हक्क द्यावे लागतात. ते आमचं काम, तुम्ही हात लावू नका.

जिनिंगवाल्यांना खास विनंती. हंगाम संपला की सर्व्हर चार-चार महिने बंद ठेवू नका. रद्द सर्टिफिकेटांची यादी नेहमीच्या सेटिंगमध्ये दर आठवड्याला नव्याने निघते. जुन्या यादीची मुदत संपली की चांगलं सर्टिफिकेटही तपासणीत अडकतं. त्यामुळे पावसाळ्यातही आठवड्यातून एक दिवस सर्व्हर चालू करा.

मागणी पाठवून झाल्यावर संगणक फॉरमॅट तर मुळीच करू नका. मागणीची गुप्त किल्ली त्याच संगणकात असते. ती पुसली गेली की आलेलं सर्टिफिकेट निकामी होतं आणि पुन्हा पहिल्यापासून मागणी करावी लागते.

फोन करण्याआधी स्क्रीनवरच्या पूर्ण संदेशाचा, खालच्या एरर नंबरसकट, फोटो काढून पाठवा.