नरारा दाखवायचंय? आधी तिथी, मग तिकीट

दिवाळी आणि नाताळ जवळ आला की आमच्या सहलींच्या ऑफिसात एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. "ताई, तिकिटं काढून झालीत. द्वारका-सोमनाथ करतोय, वाटेतच आहे तर नरारा पण बसवून द्या ना. मुलगी चार वर्षांची आहे, तिला तारामासा बघायचाय." तिकिटं काढून झालीत म्हटलं की पुढचा अर्धा तास कशात जाणार ते आम्हाला कळून चुकतं. तुमचा आणि आमचा तो अर्धा तास वाचावा, आणि मुख्य म्हणजे पोरांचा हिरमोड होऊ नये, म्हणून हे पत्रक. आई-बाबा दोघांनीही वाचा, कारण बहुतेक घरांत तारखा एक जण ठरवतो आणि चिखलात मूल दुसराच सांभाळतो.

नरारा म्हणजे काय हे तुम्हाला साधारण ठाऊक असेलच. जामनगरहून द्वारकेच्या रस्त्याला लागलं की साधारण ६० किलोमीटरवर, वाडीनारच्या बाजूला. नरारा ज्याचा भाग आहे ते कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान देशातलं पहिलं. १९८० साली अभयारण्य झालं, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान. यात ४२ बेटं येतात. त्यातल्या पिरोटनचं नाव ऐकून बरेच जण तेच मागतात, पण तिथे बोटीने जावं लागतं, परवानगी वेगळी, आणि परत कधी यायचं तेही पाण्याच्या हातात. लहान मूल असेल तर आम्ही पिरोटन सुचवत नाही. नराऱ्याला बोट लागत नाही. ओहोटीला समुद्र मागे सरतो, खालचा खडक आणि प्रवाळ उघडं पडतं, आणि आपण त्यावरून चालत जाऊन सगळं बघतो. घोटाभर, फार तर गुडघ्याएवढं पाणी.

समुद्र मागे सरला तरच. सगळी गोम इथे आहे.

लोक सुट्टी बघून तिकीट काढतात, तिकीट बघून हॉटेल घेतात, आणि ओहोटी किती वाजता हे गाडीत बसल्यावर मोबाईलवर बघतात. मग दुपारी एक वाजता नराऱ्याला पोचायचं आणि समोर सगळीकडे पाणीच पाणी. सुरुवातीच्या काळात ही चूक आमच्याकडूनच झाली. एका कुटुंबाने तारीख सांगितली, आम्ही तिथी न बघता हो म्हणून बसलो. अष्टमी निघाली. साडेतीन वर्षांचा मुलगा किनाऱ्यावर बादली घेऊन बसला होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "समुद्र कधी जाणार?" त्या दिवशी पाणी हललं, पण प्रवाळ उघडं पडेल इतकं गेलंच नाही. आम्ही त्यांचे पैसे परत केले. मुलाचा दिवस कुठून परत देणार? तेव्हापासून नराऱ्याची तारीख आम्ही ठरवतो, गिऱ्हाईक नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो, पण यात आम्ही बदल करणार नाही.

हिशोब अवघड नाही. कोकणातल्या माणसाला तर आम्ही काय सांगणार! पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, त्या वेळी पाणी जितकं चढतं तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा धड चढतही नाही आणि ओसरतही नाही. म्हणजे अष्टमीच्या मागचे-पुढचे दोन दिवस नराऱ्यासाठी बाद. राहिली वेळ. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, आणि तिच्या सव्वासहा तास आधी-नंतर ओहोटी. रोज हे साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. मात्र हा आडाखा मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा. कच्छच्या आखातात पाणी अरुंद जागेत शिरत जातं, त्यामुळे आत जाल तशी भरतीची उंची वाढते आणि वेळही उशिराची होते. मुंबईचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका. दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक जास्त खाली जाते, एक कमी. म्हणून आम्ही तिथीवरून दिवस निवडतो आणि वेळ त्या भागातल्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घेतो.

आता मूल लहान असेल तर आणखी एक चाळणी लागते. ऐन पौर्णिमेला ओहोटी उत्तम, पण ती भल्या पहाटे-सकाळी येते. हिवाळ्यात जामनगरहून अंधारात निघायचं, मूल अर्धवट झोपेत, गार वारा, रडारड. थोरांना चालतं, लहानांना नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यानंतरची द्वितीया ते चतुर्थी हे तीन दिवस आमच्या अनुभवात सगळ्यांत गुणाचे. पाण्याला उधाणाचा जोर अजून असतो, आणि ओहोटी मुलाचं दूध-नाश्ता आटोपल्यावर, ऊन तापायच्या आत मिळते. महिन्यातून दोनदा असे दिवस येतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि पंचांग तर वर्षभर भिंतीवर टांगलेलं असतं. तेव्हा आधी दिनदर्शिका बघा, आम्हाला विचारा, मग तिकीट काढा. द्वारका-सोमनाथ कुठल्याही तिथीला होतं. देव थांबतो, पाणी थांबत नाही.

नराऱ्यावर गेल्यावर काय करायचं ते थोडक्यात. वनखात्याच्या चौकीवर नोंद करावी लागते, मोठ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. बरोबर स्थानिक वाटाड्या असतो. ज्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे त्यांच्यासाठी आम्ही वेगळा वाटाड्या घेतो, दहा-बारा जणांच्या घोळक्यात घालत नाही. यामुळे आमचा दर इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो हे खरं आहे. पण मोठा घोळका मुलाच्या चालीने चालत नाही, आणि मुलाची चाल हीच तर नराऱ्याची खरी चाल.

घाईत चालणाऱ्याला तिथे चिखल आणि दगड एवढंच दिसतं. मूल एखाद्या डबक्याशी उकिडवं बसतं. बसू द्या. वाटाण्याएवढा एक शंख पडलेला असतो. सावली न पाडता, न हलता वीसपर्यंत आकडे म्हणायचे. सतरा-अठराला शंखाच्या तोंडातून दोन बारीक मिशा येतात, मग पाय, आणि शंख चालायला लागतो. आत शंखातला खेकडा. त्या क्षणी मुलाच्या तोंडाकडे बघा, शंखाकडे नाही बघितलंत तरी चालेल. शेजारीच समुद्रफूल असतं, फुलासारखा दिसणारा प्राणीच तो, पाणी हललं की आपले धागे आत ओढून घेतं. दगडाच्या कपारीत कधी ऑक्टोपस असतो. तो रंग बदलतो तेव्हाच कळतं की तो तिथे होता.

पफर मासा, आपल्या कोकणात केंड म्हणतात तो, बऱ्याच जणांना हातात घेऊन फुगलेला बघायचा असतो. आम्ही तसं करू देत नाही आणि आमच्या वाटाड्यांनाही तशी ताकीद आहे. तो खेळ म्हणून फुगत नाही, जिवाच्या भीतीने फुगतो. समुद्रकाकडी नावाच्या मऊ प्राण्याला दाबलं तर तो स्वतःचे आतले धागे बाहेर टाकतो. मुलांना हे सरळ सांगितलं की समजतं. अडचण बहुधा फोटो काढणाऱ्या काकांची असते. प्रवाळाचा तुकडा, शंख, शिंपला, काहीही खिशात घालू नका. राष्ट्रीय उद्यान आहे, आणि प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. चौकीवर बॅग उघडायची वेळ आली तर आम्ही मध्ये पडणार नाही. काही शंख विषारी नांगीचे असतात, तेव्हा हात न लावणं मुलाच्याही भल्याचं.

परतायची वेळ वाटाड्या सांगेल, ती पाळा. "अजून दहा मिनिटं" तिथे चालत नाहीत. जमीन सपाट आहे आणि पाणी फक्त समोरून येत नाही, बाजूच्या खाड्यांतून पाठीमागेही भरतं. आम्ही ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी आत जातो आणि पाणी वळलं की निघतो. पैसे पूर्ण दिले आणि येण्याजाण्यासकट दोनच तास मिळाले, अशी तक्रार अधूनमधून येते. ते दोन तास आम्ही ठरवलेले नसतात.

मूल खांद्यावर घेऊ नका. प्रवाळावर पाय घसरतो आणि खांद्यावरून पडलेलं मूल धारदार दगडावर पडतं. चालेल तितकं हाताला धरून, नाहीतर छातीशी बांधायच्या झोळीत. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना आम्ही प्रवाळावर नेत नाही. आई-बाबांपैकी एकाने किनाऱ्यावर तिवरांच्या बाजूला थांबायचं आणि मग पाळी बदलायची. शू आधीच करून घ्या, आत सोय नाही. वापरलेला डायपर पिशवीत घालून परत आणायचा.

जामनगरला दोन रात्री ठेवतो, त्याबद्दलही विचारणा होते. सोपं आहे: प्रवासाने शिणलेलं मूल दुसऱ्या सकाळी चिखलात उभं करून उपयोग नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी लाखोटा तलाव आणि शेजारचं बाला हनुमान मंदिर होतं. १ ऑगस्ट १९६४ पासून तिथे रामधून अखंड चालू आहे, आजी-आजोबा बरोबर असतील तर ते तिथून हलत नाहीत. नराऱ्याहून आल्यावर मूल झोपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिजडिया पक्षी अभयारण्य. शहरापासून जवळ आहे, बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं, त्यामुळे दोन्हीकडचे पक्षी एकाच फेरीत दिसतात. २०२२ साली ते रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ म्हणून जाहीर झालं. मग द्वारका.

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं छोटं ऑफिस आहे, आम्ही दोघं नवरा-बायकोच सगळं बघतो, त्यामुळे एका तारखेला चारांपेक्षा जास्त कुटुंबं घेत नाही. फोन कराल तेव्हा मुलाचं वय आणि तुम्हाला जमणारे दोन वेगवेगळे आठवडे सांगा, एकच तारीख नको. तिथी बघून आम्ही दिवस कळवू, तोवर तिकीट थांबवा. आणि मुलासाठी नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट आणि दोन जोडी मोजे घ्या. चप्पल किंवा फोमचे सँडल पहिल्याच चिखलात पायातून निसटतात आणि मग मूल शेवटपर्यंत कडेवर राहतं.