बाटली आडवी झाली, पण मीटिंग कुठे भरते?

विदर्भातल्या खेड्यात कुणी दारू सोडायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला: माळ घाल. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू-मटण बंद, आणि गावही ते पाळतं. माळकऱ्यापुढे सहसा कुणी ग्लास धरत नाही. अनेकांची सुटली ती याच धाग्याने. अडचण होते माळ उतरली की. पोळ्याला नाहीतर लग्नाच्या वरातीत एकदा घसरलेला माणूस भजनात परत जायला लाजतो, आणि लाजेपायी जास्तच पितो. घसरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बसायला जागा हवी, ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या मीटिंगसारखी, आणि आपल्याकडे नेमकी तीच कमी पडली.

दारूविरुद्ध बोलणाऱ्यांची मात्र इथे कमी नव्हती. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले. पोराने ते घरात पाहिलं होतं. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद चिडले. तुकडोजी महाराजांनी तोच विषय खंजिरीवर गावोगाव नेला.

त्यानंतरची लढाई दुकानाशी झाली. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत गावागावांतून चळवळ उठली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिच्यात होते, आणि १९९३ मध्ये तिथे बंदी लागू झाली. चंद्रपूरसाठी २०१० च्या डिसेंबरात बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. बंदी आली २०१५ मध्ये आणि उठली २०२१ मध्ये. या सगळ्यात बायकांच्या हाती आलेलं खरं हत्यार म्हणजे मतदान: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला की दुकान बंद. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, जंगलात शोधून ओतून देणाऱ्या बायकांच्या हिमतीबद्दल मला शंका नाही. पण दुकान बंद झालं तरी पिणारा घरातच असतो. हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि तो शेजारच्या तालुक्यातून पव्वा आणतो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती कार्यक्रमाने भट्ट्या बंद करण्यासोबत तालुक्याला क्लिनिक सुरू केलं, ते या माणसाची आठवण ठेवूनच.

बेवड्यांनी बेवड्यांसाठी भरवलेली मीटिंग दुसऱ्याच वाटेने आली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी अडकला होता. सौदा फसलेला, दारू सोडून काही महिनेच झालेले, आणि हॉटेलात बार समोरच. त्याने लॉबीतल्या फोनवरून चर्चवाल्यांना फोन लावले. आपल्याला उपदेशक नको, दुसरा दारुडा हवा, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आलेले डॉक्टर काही तास बोलत राहिले. त्यांनी १० जूनला शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’, तोच आपला जन्मदिवस मानते. भारतात ती १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाली. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ वेगळं आहे, ते १९५१ चं. दारुड्याच्या बायकोलाही बसायला जागा लागते, हे आपल्याला आडव्या बाटलीच्या मतदानातूनच कळायला हवं होतं.

एएचे नियम थोडे आहेत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. फी नाही, खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालतो. आणि नाव गुप्त. शहरात जमणारी ही शेवटची गोष्ट खेड्यात अवघड जाते. रात्रीचं भांडण सकाळी हापशीवर पोचतं, तिथे अनामिक राहायचं कसं? म्हणून लोक मुद्दाम दुसऱ्या गावची मीटिंग धरतात. शिवाय संघटना जाहिरातबाजी करत नाही, मग पत्ता लागतो तो जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, व्यसनमुक्ती केंद्रात, किंवा सुटलेल्या एखाद्याच्या तोंडून. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरही विचारता येतं. एक मात्र आधी: रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरला न दाखवता एकदम बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो.

मावसभावासोबत मी एका तालुक्याच्या गावी गेलो होतो, खुली मीटिंग होती म्हणून, म्हणजे बाहेरच्यालाही बसता येणारी. शाळेची खोली, भिंतीवर बाराखडी, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सात माणसं. सहाची शेवटची एसटी धरायची म्हणून मीटिंग चारच्या आत सुरू. एक जण उठला, “मी बेवडा आहो. आज अकरा दिवस झाले.” टाळ्या. नंतर कळलं, त्याआधी त्याची दोन वर्षं सुटली होती, आणि दिवाळीत पुन्हा सुरू झाली. टाळ्यांत त्याने काही फरक पडला नव्हता.

भाऊ तासभर बोलला नाही. निघताना दाराशी त्याने विचारलं, “आता परत कधी?”

“रविवारी. मधात वाटलं तर फोन लाव, रात्र झाली तरी चालते,” तो अकरा दिवसवाला म्हणाला, आणि एसटीच्या तिकिटामागे नंबर लिहू लागला.