लीड स्क्रू : इंची आणि मेट्रिक

लेथवर आटे पाडताना कॅरेजला (हत्यार धरून सरकणाऱ्या भागाला) ठरावीक गतीने सरकवणारा लांब मळसूत्री दांडा म्हणजे लीड स्क्रू. इंची लीड स्क्रूचे माप 'दर इंचाला किती आटे' (टीपीआय) असे सांगतात. मेट्रिकचे माप म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले मिलिमीटर अंतर, अर्थात पिच. हौशी वर्कशॉपमध्ये दोन्ही भेटतात. इंग्लंडच्या मायफर्ड एमएल-7 ला 8 टीपीआयचा स्क्रू असतो, तर चिनी मिनी लेथला बाजारपेठ पाहून 1.5 मिमी पिचचा किंवा 16 टीपीआयचा. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, पण 4 टीपीआयचे लेथ अजून फिरताहेत आणि कारागिरांच्या तोंडचे 'सूत' (इंचाचा आठवा भाग) अजून गेलेले नाही.

अचूकतेत इंची वा मेट्रिक कोणीच उजवा नाही; ती ठरते स्क्रू कसा कापला आणि किती झिजला यावर. खरी अडचण 127 या आकड्याची. 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 1 इंच म्हणजे बरोबर 25.4 मिमी, म्हणून 5 इंच म्हणजे 127 मिमी. ही मूळ संख्या असल्याने तिचे लहान गिअरांत तुकडे पडत नाहीत. इंची स्क्रूवर मेट्रिक आटे तंतोतंत पाडायचे तर 127 दात्यांचे गिअर लागतेच. टर्नरला शिकवतात ते सूत्र असे : चालक (फिरवणाऱ्या गिअरचे दाते) भागिले चालित (फिरणाऱ्या गिअरचे दाते) = 5 × पिच × टीपीआय ÷ 127. 4 टीपीआयच्या लेथवर 1.5 मिमी पिच हवी असेल तर उत्तर 30/127 येते. स्पिंडलकडे (काम फिरवणाऱ्या दांड्याकडे) 30 दात्यांचे गिअर, लीड स्क्रूवर 127 चे.

एवढे मोठे गिअर छोट्या लेथवर अनेकदा मावत नाही. तिथे 100 आणि 127 दात्यांच्या जोडीऐवजी (100/127) 63/80 हे जवळचे गुणोत्तर घेतात. चूक 100 मिमी लांबीत साडेबारा मायक्रॉन. नट जेमतेम 10-20 मिमी आट्यांवर बसतो, त्यामुळे ती कधी जाणवत नाही. लांब स्क्रू बनवायचा असेल तरच 127 चा हट्ट धरावा.

जाचक गोष्ट वेगळीच आहे : हाफ नट, म्हणजे लीड स्क्रूला पकडून कॅरेज ओढणारा, दोन भागांत उघडणारा नट. जुळत्या मापाच्या आट्यांत तो उघडून कॅरेज हाताने मागे घेता येते आणि थ्रेड डायलवरची (नट केव्हा बसवायचा ते दाखवणाऱ्या तबकडीवरची) योग्य रेघ आली की पुन्हा बसवता येतो. इंची स्क्रूवर 1 मिमी पिच पाडताना मात्र दोन्हींचे आटे दर 127 मिमीनेच जुळतात, 1.5 मिमी पिचला 190.5 मिमीने. म्हणून नट न उघडता प्रत्येक कापानंतर हत्यार बाहेर काढून लेथ उलटा फिरवावा लागतो. मेट्रिक स्क्रूवरही सगळे सरळ नाही. 3 मिमीच्या स्क्रूवर 1.25 मिमी पिच दर 15 मिमीने जुळते आणि 1.75 मिमी दर 21 मिमीने, म्हणून अशा लेथच्या थ्रेड डायलला बदलायची गिअर देतात.

क्रॉस स्लाइडच्या (हत्यार कामाकडे आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाच्या) स्क्रूला गिअरचा आधार नसतो. तिथे हँडलच्या डायलवरच्या रेघांवरच विसंबावे लागते. काही स्वस्त 'इंची' यंत्रांत स्क्रू 1 मिमी पिचचाच असतो आणि डायलवर 40 रेघा, प्रत्येक इंचाच्या हजाराव्या भागाची समजून आखलेली. एका फेरीत 1.016 मिमी वाचायचे, सरकते 1 मिमी. डायलवर 5 मिमी खोली गाठली की प्रत्यक्षात 4.92 मिमीच कापलेले असते आणि व्यास 0.16 मिमी जास्त राहतो. सरकलेले अंतर मोजणारा वेगळा डायल गेज लावून एक फेरी मोजली की हे लगेच कळते.

स्क्रू बदलण्याचा मोह मात्र आवरावा. त्यासोबत नट आणि डायल दोन्ही बदलावे लागतात, शिवाय लीड स्क्रूच्या आट्यांच्या दोन प्रकारांत इंची ॲक्मीचा कोन 29 अंश आणि मेट्रिक ट्रॅपेझॉइडलचा 30, त्यामुळे जुना नट नव्या स्क्रूवर चालत नाही. त्यापेक्षा सरकलेले अंतर थेट आकड्यांत दाखवणारा डिजिटल रीडआउट लावणे सोपे. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रात तर प्रश्न एका आकड्यापुरता उरतो : मोटरच्या फेरीला 1600 स्टेप (छोटी पावले) असतील तर 5 मिमी लीडच्या (एका फेरीत तेवढे सरकवणाऱ्या) बॉल स्क्रूला दर मिलिमीटरला 320 स्टेप भरायच्या, 5 टीपीआयच्या स्क्रूला 314.96.