मेळघाटचे जंगल आणि कोरकूंचे स्थलांतर: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

दिवाळी आटोपली की मेळघाटातील गावे रिकामी होऊ लागतात. धारणीच्या आणि परतवाड्याच्या एसटी स्थानकांवर गोधड्यांची गाठोडी, पिठामिठाचे डबे आणि विळे घेऊन बसलेली कोरकू आदिवासी कुटुंबे दिसतात. कोणी अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात कापूस वेचायला आणि हरभरा सोंगायला, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी थेट पुण्या-नागपूरच्या बांधकामांवर निघालेले असते. होळी हा कोरकूंचा वर्षातला सर्वांत मोठा सण, त्यामुळे तोवर बरेच जण परततात. या ये-जा करण्याचे कारण विचारले तर ‘गरिबी’ असे एका शब्दात उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. माणसाला जंगलात आणि जंगलातून बाहेर नेणाऱ्या वाटा येथे फार जुन्या आहेत. गेल्या दीडशे वर्षांत त्यांची दिशा आणि अर्थ मात्र पुरता बदलला.

कोरकू भाषा हीच एका प्राचीन स्थलांतराची खूण आहे. ती मराठी-हिंदीसारखी आर्य कुळातली नाही आणि शेजारच्या गोंडीसारखी द्रविड कुळातलीही नाही. तिचे सख्खे नाते झारखंड-ओडिशाकडील मुंडारी, संथाळी या भाषांशी आहे, आणि मुंडा गटातील ती सर्वांत पश्चिमेची भाषा मानली जाते. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. मेळघाटातून वाहत जाऊन तापीला मिळणाऱ्या सिपना नदीचे नाव कोरकूतील सागाच्या नावावरून आले. याच सातपुडा डोंगररांगेच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते, जिचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. सातपुड्याचे हे जंगल निर्मनुष्य कधीच नव्हते. वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या माणसांना त्याने थारा दिला. गुरे घेऊन डोंगर चढलेल्या गवळ्यांची आठवण गाविलगड किल्ल्याच्या नावात आजही टिकून आहे.

जुन्या काळी येथील शेतीही फिरती होती. उन्हाळ्यात एखाद्या उतारावरची झाडे-झुडपे तोडून वाळवायची, पावसाआधी ती जाळायची आणि त्या राखेत कोदो-कुटकीसारखे भरडधान्य पेरायचे. दोन-तीन हंगामांनी जमिनीचा कस उतरला की ती सोडून पुढे सरकायचे आणि अनेक वर्षांनी जंगल पुन्हा दाटल्यावरच तेथे परतायचे, अशी ही रीत होती. लोकसंख्या विरळ आणि डोंगर अफाट असेपर्यंत जमिनीला विसावा मिळत होता. साग हे उजेड मागणारे झाड आहे, दाट सावलीत त्याचे रोप तग धरत नाही. त्यामुळे आज ज्याला आपण नैसर्गिक सागवान म्हणतो, त्यातले काही या सोडलेल्या शेतांवरच उभे राहिले असावे असे मला वाटते. जंगल माणसांना हलवत होते आणि हलणारी माणसे जंगलाला घडवत होती.

हे चक्र मोडण्याची सुरुवात मैदानात झाली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. पडीक आणि झाडोऱ्याच्या जमिनी नांगराखाली गेल्या, बाहेरून शेतकरी व व्यापारी आले, आणि १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. रेल्वेला रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते आणि स्लीपरला साग हवा होता. म्हणून मैदानातले जंगल कपाशीने खाल्ले, तर डोंगरातले जंगल सरकारने स्वतःकडे ठेवले. १८६० च्या दशकातच मेळघाटातील काही भाग राखला गेला, आणि पुढच्या वन कायद्यांनी या राखणीला कायद्याचे बळ दिले. फिरती शेती हा गुन्हा ठरला.

या घडामोडीचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. राखीव जंगलात माणसांची फिरती शेती नको होती, पण माणसे हवी होती. सागाची तोड, ओढणी, रस्ते, आगीपासून राखण या कामांना मजूर लागत, म्हणून वनखात्याने जंगलातच वनग्रामे वसवली किंवा असलेली टिकवली. कसायला थोडी जमीन आणि बदल्यात खात्याचे काम, असा तो व्यवहार होता, आणि ती जमीन कुटुंबाच्या मालकीची नव्हती. पूर्वी जमिनीचा कस गेला की माणूस पुढे सरकत असे. आता तो एका जागी बांधला गेला. उतारावरची, पातळ थराची, केवळ पावसावर अवलंबून असलेली जमीन दरसाल कसली की तिचे काय होते ते कोणताही शेतकरी सांगेल. खरीप निघाला की घरात काम नाही, काही महिन्यांनी धान्य नाही, आणि डोंगराखाली कपाशीच्या पट्ट्याला वेचणीसाठी हात हवेत. आजचे हंगामी स्थलांतर या बांधून टाकण्यातूनच जन्मले, असे माझे मत आहे.

तरीही या स्थलांतराचे वेळापत्रक अजून जंगलच ठरवते. होळीला परतण्यामागे सणाइतकेच मोहाचे झाडही आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि उजाडण्याआधी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. पिवळसर, रसाळ फुले वाळल्या पाचोळ्यात सापडत नाहीत, म्हणून कित्येकदा झाडाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ केली जाते. वारा सुटला तर हीच आग वणवा होऊन पसरते. मोहानंतर मे महिन्यात तेंदूपाने आणि मग पेरणी. पण मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला पाऊस लागेपर्यंत परतता येत नाही. त्याचा मोह बुडतो आणि पुढच्या वर्षाची तूट तेथेच सुरू होते. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी साऱ्या देशाचे लक्ष वेधले. आई-बापांसोबत भटकणाऱ्या किंवा म्हाताऱ्यांकडे मागे राहिलेल्या मुलांचे कुपोषण या फिरण्यापासून वेगळे काढता येत नाही.

१९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली आणि देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. लाकूडतोड थांबली, त्याबरोबर वनग्रामांची मजुरीही आटली. त्यानंतर गावांनाच बाहेर नेण्याचा टप्पा आला. नव्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे अकोट तालुक्यात हलवली गेली, आणि मग वैराट, चुर्णी, अमोना, नागरतास, गुल्लरघाट, केलपाणी अशी अनेक गावे जंगलाबाहेर पडली. यासाठी प्रत्येक कुटुंबाला २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपयांचे पॅकेज ठरले.

जंगलाच्या बाजूने पाहिले तर या गावठाणांवर घडलेला बदल विलक्षण आहे. शेते पडीक टाकली तर टाकळा आणि घाणेरी त्यांचा ताबा घेतात आणि दोन्हींना गुरे-हरणे तोंड लावत नाहीत. म्हणून तण उपटून, चांगल्या गवताचे बी पडू देऊन ती जागा कुरण म्हणून राखावी लागते. अशी कुरणे तयार झाली की सांबर, चितळ आणि गवे येतात आणि त्यांच्यामागे वाघ. म्हणजे माणूस गेला तरी जंगल आपोआप पूर्ववत होत नाही. ज्या मोकळ्या जागा पूर्वी शेतीने उघड्या ठेवल्या होत्या, त्या आता मजुरांच्या हातांनी उघड्या ठेवाव्या लागतात. माणसांच्या बाजूचा हिशेब मात्र असा सुखाचा नाही. शेतजमीन, पाणी आणि रोजगाराची आश्वासने पाळली गेली नाहीत अशी तक्रार करत पुनर्वसित गावांतील लोक पुन्हा जंगलात परतले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात आणि वनखाते-पोलिसांत झालेल्या संघर्षात दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. मैदानातल्या गावात पैसे संपतात आणि मोह, तेंदू, रानभाज्या यांपैकी काहीच नसते, ही त्यांची वेदना मला पूर्ण खरी वाटते.

दरम्यान वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत होऊन २००८ पासून लागू झाला होता आणि त्याने सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या हक्काचा, रस्ता उघडला होता. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर वनाचा हक्क मिळाला. हे जंगल तोडीने आणि चराईने पार उजाड झालेले होते. गावाने रोजगार हमीच्या मजुरीवर समतल चर खोदले, रोपे लावली, चराई बंद केली आणि पाळी लावून राखण सुरू केली. डोंगरावरचे सीताफळ गोळा करून ते मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचवले. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या जैवविविधता पुरस्काराने या कामाची दखल घेतली. गावातच काम मिळू लागल्यावर हंगामी स्थलांतर घटले, आणि वणव्याच्या महिन्यांत माणसे घरी असल्यामुळे डोंगर राखायला हात मिळाले.

पायविहीर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेर (कोअर क्षेत्राबाहेर) आहे, त्यामुळे तेथे जे जमले ते गुगामलच्या कुशीतल्या गावांना जसेच्या तसे लागू होत नाही. पण धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत गाभ्याबाहेरचीही कितीतरी गावे आहेत, आणि दिवाळीनंतर एसटी स्थानकावर गाठोडी घेऊन बसणारी बरीचशी कुटुंबे याच गावांतली असतात.