विशिष्ट उष्माधारकतेत ३२ वजा होत नाहीत

मुरगावच्या बर्फ कारखान्यापासून मडगावच्या एसी दुरुस्तीपर्यंत एक समज पक्का: फॅरनहाइट आले की ३२ वजा करायचे. थर्मामीटर वाचताना ठीक. विशिष्ट उष्माधारकतेत, म्हणजे एकक वजनाच्या पदार्थाचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेत, साफ चूक. इथे तापमान नव्हे, तापमानातला फरक मोजतात. दोन्ही टोकांचे ३२ वजाबाकीतच उडतात, उरते फक्त १.८ (सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश).

पाण्याची उष्माधारकता दर पौंडाला, दर अंश फॅरनहाइटला १ बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णतेचे एकक). दर अंश सेल्सिअसला १.८. अंश मोठा, म्हणून गुणायचे. (इथे भागणारेही भेटतात!) १०० पौंड पाणी ८६ वरून ४१ फॅरनहाइटवर आणायचे तर १०० × १ × ४५ = ४,५०० बीटीयू. सेल्सिअसने ३० वरून ५: १०० × १.८ × २५, पुन्हा ४,५००. रँकिनला (अंश फॅरनहाइटएवढाच, मोजणी मात्र निरपेक्ष शून्यापासून) आकडा बदलतच नाही. बीटीयूऐवजी फूट-पौंड (ऊर्जेचे दुसरे एकक) हवे असतील तर सुमारे ७७८ने गुणा.