विणकाम केलं की बाळाला नाळेचा वेढा बसतो?? नाही हो

दिवस गेलेल्या बाईने लोकर-सुया हातात घेतल्या की कोणीतरी काकू म्हणणारच, "अगं ठेव ते, बाळाच्या गळ्यात नाळ गुंडाळेल." दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केले तरी हेच ऐकायचं. लोकर गुंडाळतेय म्हणून नाळपण गुंडाळणार, एवढंच काय ते लॉजिक!

नाळ साधारण 50-60 सेंमी लांब असते आणि बाळ आत पाण्यात कोलांट्या मारत असतं, त्यात कधी वेढा पडतो कधी आपोआप सुटतो पण, आईच्या हातांचा त्याच्याशी संबंधच नाही. जन्माच्या वेळी साधारण 4-5 बाळांमागे एकाच्या गळ्याशी वेढा सापडतो, मग आई विणणारी असो नाहीतर जन्मात सुई न धरलेली. आणि वेढा म्हणजे फास नव्हे. पोटात बाळ गळ्यातून श्वास घेतच नाही, ऑक्सिजन नाळेतून येतो, आणि नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा थर असतो म्हणून त्या सहसा दबत नाहीत. बहुतेक वेळा डोकं बाहेर आलं की डॉक्टर नाहीतर नर्स वेढा डोक्यावरून काढून टाकतात, झालं. सोनोग्राफीत वेढा दिसला म्हणजे सिझरच, असंही नसतं.

हां, तासन्तास एका जागी बसू नका, पाय सुजतात, कंबर धरते. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच डॉक्टरांना गाठा, उद्यावर ढकलू नका. बाकी टोपडं, स्वेटर, मोजे खुशाल विणा, फक्त मोजे जरा मोठेच घ्या, बाळं फार पटकन वाढतात.