पंप नीट चालतोय, म्हणूनच नंबर मागे

थकलेल्या हृदयाला यांत्रिक पंप बसवला की घरचे विचारतात, आता हृदय प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नंबर वर जाणार ना? बहुधा होतं उलटच. हृदय मिळालं नाही तर रुग्ण किती लवकर दगावेल, हे यादीत आधी पाहिलं जातं. नीट चालणारा पंप तो धोकाच कमी करतो.

अमेरिकेत हे नियम फार काटेकोर आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे तातडीच्या जुन्या तीन पायऱ्या जाऊन सहा आल्या; पहिली सर्वांत तातडीची. एक्मोवरचा (हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्रावरचा) रुग्ण पहिल्या पायरीवर, आयसीयूत बलून पंपावर (महाधमनीतल्या फुग्याच्या तात्पुरत्या आधारावर) असलेला दुसऱ्या आणि पंप लावून घरी गेलेला चौथ्या. चौथ्या पायरीवरच्याला ३० दिवस तिसरीवर नेता येतं. ते केव्हा, हे डॉक्टर ठरवतात. ड्राइव्हलाइनचा (पंपाची पोटातून बाहेर येणारी वायर) संसर्ग, पंपातली गुठळी, वारंवार रक्तस्राव, हृदयाची उजवी बाजू थकणं, यांपैकी काही कागदोपत्री सिद्ध झालं तर पुन्हा तिसरी. पंपच बिघडला तर दुसरी. नियम बदलल्यावर बलून पंपांचा वापर वाढला आणि यादीतल्या रुग्णांना कायमचा पंप बसवणं घटलं. पायरी पाहून उपचार निवडले जात असतील तर ते खटकतंच.

भारतात या सहा पायऱ्या लागू नाहीत. अवयव वाटपाचं मध्य प्रदेशचं राज्य केंद्र इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात, तर पश्चिम विभागाचं मुंबईच्या केईएममध्ये आहे. रक्तगट आणि शरीराचा आकार जुळावा लागतो. काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तासच टिकतं. म्हणून इंदूरहून ते ग्रीन कॉरिडॉरने, म्हणजे वाहतूक थांबवून मोकळ्या केलेल्या रस्त्याने, विमानतळावर जातं.

घड्याळ मात्र पंपवाल्याच्या बाबतीत जास्त बोचतं. त्याची छाती आधी एकदा उघडलेली असते, पंप आणि ऊती चिकटलेल्या असतात. ते सोडवायला वेळ लागतो, म्हणून नवं हृदय पोचण्याच्या बऱ्याच आधी त्याला टेबलावर घ्यावं लागतं. शिवाय रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम उतरवावा लागतो. मुंबईच्या रुग्णालयात नाव असलेल्या इंदूरच्या रुग्णाने यादीत असेपर्यंत मुंबईतच मुक्काम हलवावा, हे सरळ उत्तर. फोन आला की काही खाऊ नये. पंप चालवणारा जादा कंट्रोलर आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या सोबत हव्यात.

इंदूरला रामबागेतल्या घरी थांबायचंच असेल, तर वैशाखातल्या उन्हापासून जपावं. पंप डाव्या कप्प्यातून रक्त ओढतो. शरीरात पाणी कमी पडलं की कप्पा रिता होतो, त्याची भिंत पंपाच्या नळीच्या तोंडावर ओढली जाते. हार्टमेट ३ या पंपात प्रवाह मिनिटाला २.५ लिटरखाली गेला की अलार्म वाजतो. पाणी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांनाच विचारावं, कारण जास्तीचंही उजव्या बाजूला झेपत नाही. दोन बॅटऱ्या जास्तीत जास्त १७ तास चालतात. झोपताना भिंतीतल्या विजेवर राहावं आणि वीज गेलीच तर भरलेली जोडी उशाशी असावी. बॅटऱ्या बदलताना दोन्ही वायरी एकदम कधीच काढू नयेत.

रोज वजन, ताप, प्रवाहाचा आकडा, अलार्म आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) तारखेसह वहीत लिहावं. गुंतागुंत केव्हा सुरू झाली, हे समितीला त्या नोंदींवरून दाखवता येतं. रक्त चढवण्याची वेळ आलीच तर पांढऱ्या पेशी काढलेलं रक्त मागावं. नाहीतर शरीरात परक्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी वाढू शकतात आणि रक्तगट जुळूनही हृदय जुळणं अवघड होतं.